काळ्या दगडाचं गोड पाणी

"ढवळा रे, जोरात ढवळा! समुद्राला गुदगुल्या होऊ देत!"

उरिआमनं आरोळी ठोकली आणि सगळा मनेआबा खदखदला. मनेआबा म्हणजे गावाची बैठकीची जागा. चारही बाजूंनी मोकळी, वर केवड्याच्या पानांनी शाकारलेलं छप्पर. आज ती काठोकाठ भरली होती. जागा न मिळालेली माणसं बाहेर वाळूत उभी होती, पोरं बापाच्या खांद्यावर चढून बसली होती. मधोमध एक निळं पिंप. दोन तरणे गडी होडीची वल्ही घालून आतलं समुद्राचं पाणी घुसळत होते.

उरिआमनं सुंभाच्या जाळीतला दगड वर धरला. काळाभोर, नारळाएवढा. पांढऱ्या पोवळ्याच्या त्या बेटावर काळा दगड म्हणजे आभाळातून पडल्यासारखाच. तो अलगद पिंपात सोडत त्यानं डोळे मिटले आणि सूर लावला:

"ये गं गोडी, वर ये,
खारट राणी, खाली जा.
काळा राजा हाक मारतो,
लेकरांना पाणी पाजा!"

मग त्यानं पिंपाच्या वरच्या अंगाला बसवलेली तोटी फिरवली. करवंटीत पाण्याची धार पडली. पहिला मान गावातल्या सर्वांत वडीलधाऱ्या इताकाबाबांचा. म्हाताऱ्यानं ओठ लावला, जीभ फिरवली आणि त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"गोड आहे रे बाबांनो! पावसासारखं गोड!"

लोक रडले, हसले, एकमेकांच्या गळ्यात पडले. पाऊस रुसून वर्ष उलटलं होतं. माडांना पेंडीत जेमतेम एखादं शहाळं धरत होतं, अळूचे खड्डे मिठानं करपले होते. अशा बेटावर करवंटीभर गोड पाणी म्हणजे काय, ते तिथल्याच माणसानं सांगावं.

मागच्या खांबाशी, आपल्या घराण्याच्या ठरल्या जागी, बौरो बसला होता. कालच्या विमानानं तो आला होता. ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठात रसायन अभियांत्रिकीचा प्राध्यापक. केस पिकले तरी गावाला तो 'ताओरिबाचा धाकटा भाऊ' एवढाच. आयुष्याचा पहिला अर्धा भाग त्यानं उत्प्रेरकांत घालवला होता. जवळ बसूनही एकमेकांकडे पाठ फिरवणाऱ्या दोन वायूंची धातूच्या चिमूटभर भुकटीनं गाठ कशी घालून द्यायची, हे त्यानं शोधलं. दुसरा अर्धा भाग उलट्या कामात गेला, मिसळलेलं सोडवण्यात. पाण्यातून मीठ, तेलातून गंधक, हवेतून विष. जुळवण्यापेक्षा सोडवणं फार अवघड, असं तो विद्यार्थ्यांना सांगायचा, आणि ते बायकोला सोडून आलेल्या प्राध्यापकाचं बोलणं म्हणून पोरं मागे हसायची.

करवंटी त्याच्यापर्यंत आली. त्यानं घोट घेतला. गोडच होतं. पण गोडीच्या मागे आणखी काहीतरी होतं. त्यानं तो घोट जिभेवर थांबवून ठेवला.

"वास येतो ना?" शेजारचा आदरानं कुजबुजला. "दगडाचा वास आहे तो."

बौरोनं गिळलं. दगडाला असा वास येत नाही. असा वास उन्हात तापलेल्या रबराला येतो.

तेवढ्यात उरिआमनं त्याला हेरलं. "अरे, आपले प्राध्यापक! माझ्या आईच्या मामाचे नातू! म्हणजे भाऊच की माझे!" उरिआम दक्षिणेकडच्या कुठल्या बेटावरून आला होता आणि आल्यापासून गावातल्या प्रत्येकाचा काही ना काही लागत होता. "भाऊ, तुम्हीच शाळेतल्या पोरांना सांगितलं होतंत म्हणे, उत्प्रेरक सगळं काम करतो आणि स्वतः जसाच्या तसा राहतो. बघा, हा आपला उत्प्रेरक! झिजत नाही, फुगत नाही!"

टाळ्या पडल्या. आपलाच शब्द दुसऱ्याच्या तोंडात असा बसलेला पाहून बौरोनं करवंटी पुढे सरकवली.

थोड्या वेळानं तोटीची धार बारीक झाली आणि थांबली. "दगड दमला," उरिआम म्हणाला. "उद्या सकाळी पुन्हा." पिंपावर चटई पडली, दोन माणसं राखणीला बसली; रात्री चटईआड जायचा मान फक्त उरिआमचा. मग तुकडे वाटणं सुरू झालं. त्याच काळ्या दगडाची चिमुकली पिल्लं, घरोघरी नेण्यासाठी. एका पिल्लासाठी कुणी डुक्कर दिलं, कुणी लग्नाची चटई. उरिआम फक्त मागायचा, आणि नात्यातल्यानं तोंडानं मागितलेली वस्तू नाकारायची नाही, हा बेटाचा धर्म. त्या मागण्याला बुबुती म्हणतात. उरिआमनं बुबुती करून करून घर मिळवलं होतं, होडी मिळवली होती, आणि पावसाच्या पाण्याच्या गावटाकीची किल्लीसुद्धा. टाकी आटलीय, असं आत डोकावून उरिआमनंच सांगितलं होतं; मग किल्ली काय कामाची, म्हणून इताकाबाबांनी तीही देऊन टाकली होती.

थोरल्या बहिणीच्या, ताओरिबाच्या घरात, मचाणावरच्या चटईवर तिची नात झोपली होती. अरेता. पोरीची आई परदेशी हॉटेलात कामाला, पोरगी आजीच्या पदराखाली वाढलेली. तिला हगवण लागली होती. डोळे खोल गेले होते, ओठांवर पापुद्रे धरले होते. बौरोनं तिच्या दंडाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती उभीच राहिली.

"ताई, हिला काय पाजतेस?"

"दगडाचं पाणी. समुद्राचं आणते, पिल्लू घालते, ढवळते, वरवरचं काढते. आपल्या विहिरीचंसुद्धा वरवरचंच काढतो ना आपण?"

ते खरं होतं, आणि तिथेच सगळं गाव फसलं होतं. त्या बेटावर विहीर खणली की पावसाचं हलकं पाणी वर तरंगतं आणि समुद्राचं जड पाणी खाली बसतं. करवंटीनं अलगद वरचा पापुद्रा काढायचा, हे पोर चालायच्या आधी शिकतं. पिंपाची तोटी वरच्या अंगाला पाहिली, तेव्हाच गावानं मनोमन मान डोलावली होती.

बौरोनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली. चमच्यानं पोरीच्या ओठांत थेंब सोडला. तिची जीभ मांजराच्या पिल्लासारखी पुढे आली. दुसरा चमचा. तिसरा. आणि ताओरिबानं त्याचा हात धरला.

"नको! दुसरं पाणी पोटात गेलं तर दगड रुसतो. शहाळंसुद्धा चालत नाही. उरिआमनं बजावलंय."

"ताई, ही वाळून चाललीय. समुद्राचं पाणी हिच्या अंगातलं उरलंसुरलं पाणी ओढून बाहेर काढतंय. हिला आत्ता दवाखान्यात नेऊ."

"पलीकडच्या गावातल्या दवाखान्यात? गाडी इताकाबाबांची. ते नेतील? कालच म्हणाले, ताओरिबाची श्रद्धा कच्ची आहे म्हणून पोर बरी होत नाही." तिनं बाटली बाजूला सारली. "आणि तू मला शिकवू नकोस. तुझं यंत्र बघ जा चर्चच्या मागे. गोड पाणी देत होतं, देत होतं, मग पंप बंद पडला. तू सांगितलंस सुटे भाग पाठवतो. कोंबड्या अंडी घालतात त्यात आता. तुझं शास्त्र जहाजाची वाट बघतं, बौरो. त्याचा दगड रोज सकाळी पाणी देतो."

ते यंत्र त्याच्याच प्रयोगशाळेत जन्मलं होतं. तो गाडीसाठी इताकाबाबांकडे गेला. म्हातारा गोड बोलला, नीरा दिली, गाडी दिली नाही. "दगडाला पाठ दाखवून एक पोर गेलं, तर बाकीच्यांचं पाणी खारट होईल रे. उरिआम तसं म्हणतो." परतताना चर्चच्या बाजूला दोन ताज्या कबरी दिसल्या. बोटभर लांबीच्या शिंपल्यांनी कडा लावलेल्या, इतक्या छोट्या की मोठा माणूस सहज ओलांडून जाईल.

एकट्या पोरीला सोडवायचं, तर आधी गावाला सोडवावं लागणार होतं.

सकाळी मनेआबा पुन्हा भरला. ताओरिबा अरेताला चटईत गुंडाळून, मांडीवर घेऊन बसली होती. बोलायचा क्रम घराण्याच्या जागेप्रमाणे. बौरोनं आपली पाळी येईपर्यंत वाट पाहिली. दर क्षण त्याला मांडीवरच्या त्या श्वासांत ऐकू येत होता.

"मंडळी," तो उठून म्हणाला, "लहानपणी विहिरीत काठी घातली म्हणून मार कुणी कुणी खाल्लाय?"

हशा पिकला. अर्ध्या मनेआबानं हात वर केले.

"का मारलं आपल्याला?"

"वरचं गोड न् खालचं खारं एक होतं म्हणून!" कुणीतरी ओरडलं.

"मग इथे वल्ही घालून घुसळल्यावर ते वेगळं कसं होतं? मी उभा जन्म हेच काम केलं. ढवळून मिसळतं. सुटं करायला घाम गाळावा लागतो, उन्हाला, आगीला नाहीतर पंपाला. विहिरीत गोड पाणी वर असतं, कारण ते वरून पडलं. या पिंपात पाऊस कधी पडला?"

कुजबूज उठली. उरिआम हसला. "भाऊ, त्या विहिरीत काळा राजा नव्हता!"

"बरं. पिंपभर समुद्रात पोराच्या वजनाएवढं नसलं, तरी चांगलं टोपलंभर मीठ असतं. पाणी गोड झालं, तर ते मीठ कुठे आहे? दाखव."

"दगड खातो!"

"मग दगड जड व्हायला हवा. तूच म्हणतोस, फुगत नाही. आणि उत्प्रेरक हा माझा शब्द आहे, उरिआम, म्हणून सांगतो. उत्प्रेरक घाई करायला लावतो. कशालाही नाहीसं करत नाही. जे आत गेलं ते कुठेतरी बाहेर निघावंच लागतं."

"अहो, पोटात मावत नाही ते काळजात मावतं!" उरिआमनं छातीवर हात ठेवला. "आणि तुमचं यंत्र काय खायचं? डिझेल! खाऊन खाऊन मेलं बिचारं!"

मनेआबा हास्यानं फुटला. म्हातारे मांड्या थोपटत होते. युक्तिवाद बरोबर होता आणि तो हरत होता. त्याची नजर पिंपाकडे गेली. रबराचा वास. रोज तेवढंच पाणी, मग दगड दमतो. आणि राखण चालते ती पिंपाची. दगड तर काल उरिआम तसाच टाकून गप्पा मारायला निघून गेला होता.

तो पिंपासमोर जाऊन मांडी घालून बसला. आवाज मऊ केला.

"उरिआम, तू माझा भाऊ. आईच्या बाजूनं. चारचौघांत तूच सांगितलंस. भावा, मी बुबुती करतो."

हसणं विझलं. बुबुती म्हटल्यावर बेटावर कुणी हसत नाही.

"मला ते निळं पिंप दे."

उरिआमचा हात आपोआप पिंपाच्या काठावर गेला. "पिंप? अरे, पिंपाचं काय घेऊन बसलास! प्लॅस्टिकचं, पिचकं. तू भाऊ आहेस माझा, तुला साजेसं माग. हा घे, दगड घे! खरा दगड! मोठा राजा! विद्यापीठात ने, अभ्यास कर, जा!"

त्यानं जाळीसकट दगड बौरोच्या मांडीवर ठेवला.

समुद्राचा आवाज ऐकू यायला लागला. आणि मग ताओरिबा, जिनं आजवर या छपराखाली पुरुषांच्या आधी तोंड उघडलं नव्हतं, बसल्या जागेवरून म्हणाली,

"दगड देतो, आणि पिंप देत नाही?"

तेवढंच. इताकाबाबांची मान सावकाश उरिआमकडे वळली. "मागितलंय त्यानं. दे."

"बाबा, राजा रुसेल..."

"राजा तर तू देऊन टाकलास. पिंप दे."

उरिआम उठला, पण बाहेर वाळूतली माणसं सरसावली होती. बौरोनं आणि वल्हेवाल्या दोघांनी पिंप कलतं केलं. समुद्राचं पाणी वाळूत पसरलं, आणि तळाशी काहीतरी काळं, मऊ, फुगलेलं दिसलं. ट्रकच्या चाकातली ट्यूब, खालच्या बाजूला दोरीनं जखडलेली. तिच्या तोंडातून एक नळी पिंपाच्या भिंतीला चिकटून वर गेली होती, थेट तोटीपर्यंत.

बौरोनं तोटी उघडली आणि ट्यूबवर तळवा दाबला. तोटीतून पाणी उडालं.

"हे पाहा. ट्यूबमध्ये आधीच गोड पाणी भरलेलं. वरून समुद्र ओतला की त्याचं वजन ट्यूबवर बसतं, आणि आतलं पाणी नळीतून वर चढतं. जितका समुद्र ओताल, तितकं गोड पाणी बाहेर. ट्यूब रिकामी झाली की दगड दमला. तुम्ही वल्ही मारत होतात, ती ट्यूबच्या डोक्यावरून फिरत होती."

"आणि दगड?" इताकाबाबांनी विचारलं.

"धावपट्टीला जहाजानं खडी आली होती ना, काळी? तिच्यातलाच एक मोठा धोंडा."

"पण गोड पाणी तरी आणलं कुठून त्यानं?"

टाकीची किल्ली कुणाकडे होती, ते सगळ्यांना एकदमच आठवलं. चार-पाच जण गावटाकीकडे धावले. कुलूप दगडानं फोडलं, झाकण सरकवलं. आत हात घातलेला माणूस कोपरापर्यंत ओला हात घेऊन परत आला आणि तो सगळ्यांना दाखवत नुसता उभा राहिला. टाकी आटली नव्हती. कधीच आटली नव्हती. पोरांना समुद्र पाजून, गाव स्वतःचंच पावसाचं पाणी करवंटी करवंटीनं चमत्कार म्हणून पीत होतं आणि त्या बदल्यात डुकरं देत होतं.

उरिआमला त्यांनी झोडपलंच असतं. बौरो आडवा आला. "त्याला पोलीस बघतील. आधी गाडी काढा!"

या वेळी गाडी निघाली. ताओरिबानं टाकीचं पाणी उकळायलाही थांबू दिलं नाही. माडावरचं होतं नव्हतं ते शहाळं फोडून, मागच्या फळीवर बसून ती पोरीच्या ओठांत एकेक थेंब सोडत राहिली. "पी गं माझी बाय, पी. आता कुणी रुसत नाही. पी." पहिले थेंब आत गेले. मग ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर यायला लागले. रस्ता अरुंद, एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला समुद्र, दोन्हीकडे पाणीच पाणी. दवाखान्याचं पांढरं कुंपण दिसायला लागलं तेव्हा बौरोनं चालकाच्या पाठीवर हात ठेवला.

"हळू चालव," तो म्हणाला. "आता घाई नाही."

परिचारिकेनं पोरीला तपासलं, तिचे डोळे मिटवले आणि बौरोला बाजूला घेऊन म्हणाली, "हगवणीतून पोरं वाचतात, सर. एवढ्या मिठातून मूत्रपिंडं वाचत नाहीत. आदल्या आठवड्यात आणली असती तर." बौरोनं मान हलवली. मिठाचा हिशेब त्याला नवा नव्हता. आत गेलेलं नाहीसं होत नाही, हे त्यानंच सकाळी सांगितलं होतं.

अरेताला चर्चच्या बाजूला, त्या दोन छोट्या कबरींच्या शेजारी ठेवलं. माती झाल्यावर गाव रीतीप्रमाणे मनेआबात जमलं. प्रत्येक घराणं आपापल्या जागेवर, माना खाली. शहाणपणाची भाषणं व्हायला लागली. कुणी म्हणालं, उरिआम सैतान होता. कुणी म्हणालं, आम्हा अडाण्यांना काय कळणार, आता बौरोसारखा शिकलासवरलेला माणूस सांगेल तसं वागू. लोकांनी बौरोकडे पाहिलं.

"माझंही ऐकू नका," बौरो म्हणाला. "मी सांगतो म्हणून मानलंत, तर उद्या माझ्यापेक्षा गोड बोलणारा येईल. मला विचारा. मीठ कुठे गेलं, हे मलाही विचारा. उत्तर दाखवता आलं नाही तर मला इथून उठवा."

तो बसला. मग ताओरिबा उठली. तिच्या हातांना अजून ओली वाळू होती.

"मला शास्त्र कळत नाही," ती म्हणाली. "ट्यूब, नळी, पिंप, तेही मला दिसलं नसतं. त्याबद्दल मी कुणाला बोल लावत नाही. पण घरी नेलेलं पाणी ट्यूबमधलं नव्हतं. ते तर आपणच समुद्रातून भरलं, आपणच ढवळलं, आपणच प्यायलो. माझी अरेता पहिल्या घोटालाच म्हणाली, आजी, खारट आहे. मी तिला गप्प केलं. असं बोलू नये म्हटलं. सहा वर्षांच्या पोरीला जे कळलं ते मला हवंय तुमच्याकडून. डोकं नको, जीभ पुरे. जिभेला कळलं ते तोंडानं बोलायचं, भीड न धरता, कुणी का समोर असेना. एवढंच शिकायचंय आपल्याला. आज शिकू. इताकाबाबा, तुमच्या घरचं पाणी कसं लागलं होतं?"

म्हाताऱ्याची बोटं चटईच्या कडेची पात उकलत होती.

"खारट," तो म्हणाला.

पुढच्या जागेवरच्या माणसानं घसा खाकरला. "खारट."

"खारट."

"आमच्याकडेही... खारटच."

खांबामागून खांब, घराण्यामागून घराणं, तो एक शब्द सगळ्या मनेआबाला फेरी घालत आला. कुणी रडत म्हणालं, कुणी चटईकडे बघत. एकानंही गोड म्हटलं नाही. फेरी संपत संपत मागच्या खांबाशी आली, आणि आता सगळे ताओरिबाकडे पाहत होते.

"तिला पाजायच्या आधी मी चाखलं होतं," ती म्हणाली. "खारट होतं."